सार्वजनिक पादनिगा सेवा (ब्रिटन)

सार्वजनिक पादनिगा सेवा : वार्धक्य, अपंगत्व, मंद दृष्टी किंवा मधुमेहासारखा दीर्घकालीन आजार यांमुळे ज्यांना स्वतःच्या पायांची देखभाल करता येत नाही, अशा रहिवाशांसाठी सार्वजनिक खर्चाने चालवली जाणारी व्यवस्था. नखे कापणे, घट्टे व कुरुपे तासणे, भेगा आणि चिखल्यांवर उपचार करणे, पायातील रक्ताभिसरण व संवेदना तपासणे, जखमांची मलमपट्टी करणे आणि योग्य पादत्राणे सुचवणे ही कामे तिच्यात येतात. ब्रिटनमध्ये ही सेवा दीर्घकाळ चालत आली असून, यांतील उपचार कोणता आणि रोजची निगा कोणती, हा तिच्यापुढील न सुटलेला प्रश्न आहे.

राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली, तेव्हा पादचिकित्सा सर्वत्र उपलब्ध नव्हती आणि अनेक ठिकाणी वृद्धांसाठीचे दवाखाने स्वयंसेवी संस्थाच चालवत. १९५९ मध्ये आरोग्य मंत्रालयाने स्थानिक आरोग्य प्राधिकरणांना ही सेवा पुरवण्याची मुभा दिली आणि वृद्ध, अपंग व गर्भवती स्त्रिया यांना प्राधान्य देण्यास सुचवले. १९७४ च्या पुनर्रचनेत ती राष्ट्रीय आरोग्य सेवेत आली. पोडियाट्रिस्ट व कायरोपोडिस्ट ही पादचिकित्सकांची नामाभिधाने तेथे कायद्याने संरक्षित असून नोंदणीकृत व्यक्तीलाच ती वापरता येतात.

नखे कापणे हे काम क्षुल्लक वाटते. परंतु वयोमानाने नख जाड व ठिसूळ होते, क्वचित मेंढ्याच्या शिंगासारखे वळते आणि मग घरातील साधे नेलकटर त्याला पुरत नाही. ज्याला कमरेतून वाकता येत नाही, ज्याची बोटे संधिवाताने आखडली आहेत आणि ज्याला पायाचे बोट नीट दिसत नाही, अशा एकट्या राहणाऱ्या माणसाची तर दुहेरी अडचण होते. पाय दुखू लागला की चाल बदलते आणि तोल जाण्याचा धोका वाढतो. मेलबर्न येथे झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पायदुखी असलेल्या वृद्धांना नेहमीच्या पादचिकित्सेखेरीज पायांचे व्यायाम, बुटात घालायचे आधार, पादत्राणांबाबत सल्ला व साहाय्य आणि पडणे टाळण्याविषयी माहिती देण्यात आली. केवळ नेहमीची पादचिकित्सा मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या पडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले.

मधुमेहींच्या बाबतीत धोरण अधिक काटेकोर आहे. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ मधुमेहीच्या पायांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी लागते. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून संवेदना पाहतात, पायाच्या नाड्या चाचपतात आणि त्यावरून धोक्याची पातळी ठरवतात. मध्यम धोक्याच्या रुग्णाला तीन ते सहा महिन्यांनी, तर अधिक धोक्याच्या रुग्णाला एक ते दोन महिन्यांनी पुन्हा पाहिले जाते. पायावर व्रण किंवा जंतुसंसर्ग दिसल्यास त्याला एका कामकाजाच्या दिवसात पादसेवेकडे पाठवावे, असे या सूचना सांगतात. कारण संवेदना गेलेल्या पायावरची न दुखणारी जखम दुर्लक्षित राहून अखेर पाय कापण्याची वेळ येऊ शकते.

या वर्गीकरणाची दुसरी बाजू अशी की कमी धोक्याच्या वृद्धांसाठी निव्वळ नखे कापणे अनेक भागांत मोफत सेवेतून वगळले गेले. स्कॉटलंडने २०१३ मध्ये वैयक्तिक पादनिगेविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले; त्यात नखे कापणे व त्वचेची काळजी ही कामे व्यक्तीने स्वतः किंवा कुटुंबीय, परिचारक व स्वयंसेवक यांनी करावीत, असे अपेक्षित आहे. इंग्लंडमध्ये वृद्धांसाठी काम करणाऱ्या ‘एज यूके’ या धर्मादाय संस्थेच्या काही स्थानिक शाखा हे काम शुल्क घेऊन करतात. प्रशिक्षित चिकित्सकाचा वेळ व्रणांसाठी राखणे समर्थनीय असले, तरी नखे कापताना जाणकाराची नजर पायावर फिरत असे आणि बोटांमधील चीर किंवा काळवंडलेली त्वचा तेव्हाच लक्षात येई, हा लाभ या विभागणीत पुरेसा मोजला गेलेला दिसत नाही.

भारतात पायांच्या सार्वजनिक निगेचा जुना धागा मधुमेहाशी नव्हे, तर कुष्ठरोगाशी जोडलेला आहे. १९४६ पासून वेल्लोर येथे काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी बधिर पायाला होणाऱ्या जखमांमागे रोगाइतकाच न जाणवणारा दाब व वारंवारची इजा कारणीभूत असते, हे दाखवून दिले. भारताच्या राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात संवेदना गेलेल्या रुग्णांना मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआर चपला मोफत दिल्या जातात, तसेच पाय रोज पाण्यात भिजवणे, घट्टे घासणे, तेल लावणे आणि तळवा निरखणे शिकवले जाते. महाराष्ट्रातील कुष्ठरुग्णांनाही याच कार्यक्रमातून ही मदत मिळते.