स्कॅजिट की स्कँडी: दोन हातांच्या रॉडवर कोणती लाइन?

फ्लाय फिशिंग म्हणजे लाइनच्याच वजनाने फ्लाय (पिसं-धाग्यांचं हलकं नकली आमिष) लांब फेकून मासे धरणं. त्यातल्या दोन हातांच्या रॉडसाठी स्कॅजिट आणि स्कँडी अशा दोन प्रकारच्या लाइनी मिळतात. दोन्ही पाकिटांवर ‘स्पे’ छापलेलं असतं. दोन्ही सात नंबरच्या (नंबर म्हणजे रॉड किती जड लाइन पेलतो त्याची पायरी), १३ फुटी रॉडवर चालतात, दोन्ही दोन हातांनी फेकायच्या. त्यामुळे स्टीलहेड (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) किंवा सॅमनच्या मागे लागलेला नवा माणूस जी लाइन हाताला लागेल ती घेतो, आठवडाभर मांडीएवढ्या पाण्यात उभा राहतो आणि शेवटी आपला हातच वाईट असं ठरवून टाकतो. हात बहुतेक वेळा ठीक असतो. लाइनच्या पुढे तिला न पेलणारी वस्तू बांधलेली असते, एवढंच.

स्पे म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीच्या काठावर झाडी आणि चढ असल्यामुळे लाइन मागे उडवायला जागा नसते. म्हणून तिचा टोकाचा भाग पाण्यावर टेकवून ठेवायचा. हा अँकर. उरलेली लाइन रॉडच्या मागे इंग्रजी ‘डी’च्या आकारात झुलते, तो डी-लूप. पाणी टोक धरून ठेवतं, डी-लूपचं वजन मागे ओढतं, त्यावर रॉड वाकतो आणि सरळ होताना लाइन पुढे फेकतो. जुन्या स्पे लाइनींचं पोट, म्हणजे वजन असलेला जाड भाग, ५५–६५ फूट किंवा त्याहूनही लांब असे. पुढे दोन ठिकाणी, दोन वेगळ्या कारणांनी ते आखूड झालं.

स्वीडनमध्ये योरान अँडरसन यांनी खालच्या हाताने ओढून फेकायची ‘अंडरहँड’ पद्धत विकसित केली. आजची स्कँडी लाइन त्या घराण्यातली. स्कॅजिट मात्र अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली. सिॲटल परिसरातल्या मराठी घरांना स्कॅजिट खोरं एप्रिलमधल्या ट्युलिपच्या शेतांमुळे माहीत असतं. त्याच नदीवर आणि तिला मिळणाऱ्या सॉक नदीवर १९९०च्या दशकात एड वॉर्ड आणि त्यांच्यासोबतच्या गळवाल्यांनी ही लाइन घडवली. त्यांची अडचण साधी होती. हिवाळ्यात चार-पाच अंश सेल्सिअसच्या पाण्यात स्टीलहेड तळाशी बसून राहतो, वर येत नाही. मग वीतभर नसली तरी बोटभर लांबीची, पिसांनी भरलेली इंट्रूडरसारखी फ्लाय त्याच्या तोंडासमोर खोल न्यावी लागते. ओली इंट्रूडर आणि जड बुडती टिप (लाइनच्या टोकाला जोडायचा तुकडा) जुन्या लाइनींना उचलवत नव्हती.

आता आकडे. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण १३ फुटी सात नंबरला स्कॅजिट हेड (लाइनचा पुढचा, फेकीचं वजन असलेला भाग) साधारण २३–२४ फुटांचं आणि ५२५ ग्रेनच्या आसपास असतं. त्याच रॉडसाठी स्कँडी हेड साधारण ३६ फूट आणि ४६० ग्रेन. (एक ग्राम म्हणजे १५.४३ ग्रेन, ५२५ ग्रेन म्हणजे ३४ ग्राम.) एकूण वजनातला फरक फार वाटत नाही. खरा फरक दर फुटामागे आहे. स्कॅजिटमध्ये फुटाला २२ ग्रेन भरतात, स्कँडीत सरासरी १३, आणि तेही मागच्या बाजूला जास्त. स्कँडी पुढे लांबवर निमुळती होत जाते, स्कॅजिट शेवटपर्यंत जाडच राहते.

नंबरवरून आणखी एक घोटाळा होतो, तो इथेच मिटवू. एका हाताच्या सात नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट १८५ ग्रेनचे असतात. ती लाइन सात नंबरच्या स्पे रॉडवर चढवली तर रॉड वाकतच नाही. दोन्हीकडचा सात वेगळा आहे. स्पेमध्ये नंबर विसरा, ग्रेन बघा.

आता बुडत्या टिपकडे येऊ. टी-८, टी-११, टी-१४ यांतला आकडा म्हणजे फुटाला किती ग्रेन. टी-१४ म्हणजे फुटाला १४. फेकीचा जोर मागून पुढे सरकतो आणि मागचा भाग जड, पुढचा हलका असेल तरच तो नीट सरकतो. स्कॅजिटच्या २२ ग्रेननंतर टी-१४ आली की काही बिघडत नाही. स्कँडीचं पुढचं टोक मात्र टी-१४पेक्षा बरंच हलकं असतं. तिथे ती टिप जोडली की सांध्यावर बिजागरी तयार होते: लाइन छान उलगडत जाते, सांध्यापाशी अडखळते आणि टिप धपकन गोळा होऊन पडते. जोर वाढवल्याने हे सुटत नाही, उलट वाढतं.

उलट चूकही तेवढीच नेहमीची आहे. स्कॅजिट हेडला थेट नायलॉनचा लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) बांधायचा. जाड हेडचा सगळा जोर त्या धाग्यावर एकदम येतो, पाण्यात धरून ठेवायला काहीच नसतं, अँकर सुटतो आणि मागून चाबकासारखा आवाज येतो. स्कॅजिटला टिप लागतेच. उन्हाळ्यात वरच्यावर मासेमारी करायची असेल तर १०–१२ फुटांची तरंगती टिप जोडा, पण जोडा. म्हणून ‘स्कॅजिट बुडती, स्कँडी तरंगती’ हा ठोकळ नियम खरा नाही. नॉर्वेत गाउला, ओर्कलासारख्या नद्यांवर जूनमध्ये बर्फाचं गार, चढतं पाणी असतं, तेव्हा अख्खं हेडच बुडतं असलेली स्कँडी वापरतात. तिथे वजन टोकाशी साठत नाही, लांबीभर पसरलेलं असतं, म्हणून बिजागरी होत नाही.

पुढची जोडणी अशी. स्कॅजिट: रनिंग लाइन (हेडमागची बारीक लाइन), हेड, १०–१२ फुटांची टिप, मग फक्त ३–४ फूट टिपेट (फ्लायला बांधायचा शेवटचा धागा). टिपेट लांब ठेवलं तर टिप खाली जाते आणि फ्लाय वर तरंगत राहते. खोल जायचा सगळा खटाटोप वाया. तरंगती स्कँडी: रनिंग लाइन, हेड, मग एकूण १२–१५ फुटांचा निमुळता लीडर. इथे लीडर आखूड केला तर अँकरच उरत नाही. हे भाग जोडायला लूपमधून लूप ओवताना दोन्ही फास एकमेकांत सपाट बसले पाहिजेत; एक फास दुसऱ्याच्या गळ्यात आवळला गेला तर सांधा जाड होतो आणि लाइन कापली जाते.

फेकायची पद्धत यातूनच ठरते. स्कॅजिटमध्ये टिप आणि फ्लाय पाण्यावर मांडून मग फेकायचं: डबल स्पे, स्नॅप-टी या फेकी. मांडल्यानंतर रॉड वळणावळणाने मागे नेऊन न थांबता पुढे आणायचा. त्यात तो सतत वाकलेला राहिला पाहिजे. स्कँडीत फ्लाय आणि लीडर पाण्याला निमिषभर टेकतात आणि लगेच निघतात: सिंगल स्पे, स्नेक रोल. वरचा हात जवळपास जागेवर, खालचा हात पोटाकडे झटक्यात ओढायचा आणि रॉड उंचावर थांबवायचा. वाऱ्याचा हिशोब दोघींना सारखाच: फ्लाय वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला हवी. वारा प्रवाहाबरोबर खाली वाहत असेल तर डबल स्पे किंवा स्नेक रोल, प्रवाहाविरुद्ध वर येत असेल तर स्नॅप-टी किंवा सिंगल स्पे. हे चुकलं की फ्लाय पाठीत किंवा कानात. चष्मा आणि टोपी शोभेसाठी नाहीत.

बिघाडही दोघींचे वेगळे. स्कॅजिटवाल्याची फेक बहुधा चिकटते. टी-१४ सेकंदाला २० सेंटीमीटरच्या आसपास बुडते. मांडल्यावर दोन सेकंद विचार करत थांबलात की टिप ४० सेंटीमीटर खाली, आणि ती उपसण्यातच रॉडची ताकद संपते. फेकीआधी एक रोल कास्ट (लाइन मागे न उडवता पुढे गुंडाळत टाकायची साधी फेक) मारून टिप वर आणा, मग थांबू नका. स्कँडीवाल्याचा अँकर बहुधा सुटतो. कारण उचलताना घाई आणि जोर. रॉड हळू वर घ्या, लीडर दोन फुटांनी वाढवा, आणि मागे नेताना रॉडचं टोक खाली पडू देऊ नका. तिसरी चूक दोघींत समान: अँकर लक्ष्याच्या दिशेला समांतर न पडता आडवा पडतो, लाइन काटकोनात वळते आणि फेकीचा अर्धा जोर पाणी फाडण्यात जातो.

फ्लाय पाण्यात पडल्यावर मात्र फरक कमी होतो. साधारण ४५ अंशांत प्रवाहाच्या खालच्या दिशेने फेका, पाण्यावर पडलेल्या लाइनचं पोट एकदा प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाका, ताण ठेवून फ्लाय काठाकडे झुलत येऊ द्या, दोन-तीन पावलं खाली सरका. गार पाण्यात कोन आणखी खालच्या बाजूला घ्या, म्हणजे फ्लाय सावकाश झुलते. ओढ जाणवली की रॉड वर झटकायचा नाही. माशाला वळू द्या, लाइन आपोआप ताणली की मग उचला. पहिले दहा मासे याच घाईत जातात, लाइन कोणतीही असो.

एकच हेड घ्यायचं तर? वॉशिंग्टन किंवा ब्रिटिश कोलंबियात हिवाळी स्टीलहेडसाठी स्कॅजिट, बिनदिक्कत. तीन-चार टिपांच्या जोरावर ते उन्हाळाही काढून नेतं, फक्त पाण्यावर जरा आपटतं. उथळ, निवळ पाण्यात त्या आपटण्याने मासे सावध होतात. तिथे आणि उन्हाळ्यातल्या सॅमनसाठी लहान फ्लाय असेल तर स्कँडी.

पिशवीत लेबल नसलेलं वेटोळं सापडलं तर अंदाज बांधू नका. टेपने लांबी मोजा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्राम बघा, १५.४३ने गुणा. मग दोन्ही टोकं बोटांत धरा. दोन्ही जाड लागली आणि लांबी २५ फुटांच्या आत असेल तर स्कॅजिट. एक टोक सुतळीवरून दोऱ्यासारखं बारीक होत गेलं असेल तर स्कँडी, आणि बारीक टोक लीडरकडे. ती उलटी चढवलेली अनेकदा दिसते.