1600 ने 1800 ला हरवलं, हे नशीब नव्हे

बुद्धिबळाच्या स्पर्धेत पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ती यादी) लागलं, समोरच्याचं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, 1800 आणि आपलं 1600 दिसलं, की कितीतरी खेळाडू पटावर बसण्याआधीच मनातून हरलेले असतात. माझंही बरीच वर्षं तसंच व्हायचं. परवाच्या स्पर्धेत मात्र माझा घोडा शह देत ई7 वर बसला. जी8 वरच्या राजाला हलावंच लागलं आणि सी8 वरचा हत्ती मला मिळाला. डाव संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "नशीब!" ते मला मुळीच पटलेलं नाही.

रेटिंगचं हे गणित अर्पाद एलो यांचं. जन्म हंगेरीतला, अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. 1970 मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्यांची पद्धत स्वीकारली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना मला फार आवडते. खेळाडू रोज सारखा खेळत नाही. कधी रेटिंगच्या वर, कधी खाली, बहुतेक वेळा आसपास. याचा आलेख घंटेच्या आकाराचा होतो आणि त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे खेळ सरासरीपासून किती पसरतो याचं माप, एलोंनी 200 धरलं.

आता अशा दोन घंटा शेजारी ठेवा. शिखरांमध्ये 200 गुणांचं अंतर आहे, पण उतार एकमेकांत चांगलेच शिरलेले आहेत. निकाल ठरतो तो त्या दिवशीच्या दोन्ही खेळांमधल्या फरकावर. या फरकाचं विचलन काढताना 200 आणि 200 सरळ मिळवायचे नाहीत, वर्ग मिळवायचे: 40,000 + 40,000 = 80,000. त्याचं वर्गमूळ सुमारे 283. मग 200 भागिले 283 म्हणजे 0.71, आणि घंटेच्या आकाराच्या प्रमाण वक्राखाली डावीकडून तिथपर्यंतचं क्षेत्रफळ, म्हणजेच वरचढ ठरण्याची शक्यता, 0.76. म्हणजे 100 डावांत 1800 वाल्याला सरासरी 76 गुण आणि 1600 वाल्याला 24. बरोबरीचे अर्धे गुण यातच आले.

स्पर्धेत ठरावीक पेन, ठरावीक अंगठी घालून बसणारे पुष्कळ दिसतात. हे 24 गुण त्या अंगठीने दिलेले नाहीत; ती नसतानाही ते मिळतातच.

माझा के गुणांक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, 20 आहे. जिंकल्यावर 20 × (1 − 0.24), म्हणजे रेटिंगचे 15.2 गुण वाढले. हरलो असतो तर फक्त 4.8 गेले असते. बरोबरी बाजूला ठेवून 24 विजय आणि 76 पराभव मांडून पाहा: 364.8 आले, 364.8 गेले.