वजनी चेंडूंचा सराव (सॉफ्टबॉल)

वजनी चेंडूंचा सराव : सॉफ्टबॉलमधील पिचरच्या (फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या) चेंडूचा वेग वाढावा म्हणून नेहमीपेक्षा जड, आणि काही वेळा हलके, चेंडू ठरावीक क्रमाने टाकून घेण्याची पद्धत. स्पर्धेतील १२ इंच परिघाचा चेंडू सुमारे १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा असतो आणि महिलांच्या सामन्यात तो ४३ फुटांवरून (१३.११ मी.) अंडरआर्म (हात खांद्याखालून आणून) टाकला जातो. जड चेंडूमुळे स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो आणि हलक्या चेंडूमुळे हात अधिक वेगाने फिरवण्याची सवय लागते, हे या पद्धतीमागील तत्त्व होय.

अंडरआर्म फेक खांद्याला निर्धोक असते, हा समज मैदानावर अजूनही ऐकू येतो, परंतु तो चुकीचा आहे. विंडमिल पद्धतीत हात खांद्याभोवती पूर्ण फिरतो आणि चेंडू सुटण्याच्या सुमारास दंडाचे हाड सांध्यातून बाहेर ओढले जाते. निष्णात पिचरांवरील मोजमापांत ही ओढ शरीराच्या वजनाच्या जवळपास आढळली आहे. तिला आवरण्याचे काम दंडाच्या पुढील स्नायूवर आणि खांद्याभोवतीच्या लहान स्नायूंवर पडते, म्हणूनच पिचरचे दुखणे बहुधा खांद्याच्या पुढच्या बाजूला सुरू होते. ताशी ८० किमी. वेगाने सुटणारा १९० ग्रॅमचा चेंडू ७० सेंमी. त्रिज्येत फिरताना हाताला सुमारे १४ किलो वजनाइतका ताण देतो, आणि त्याच वेगाने ३०० ग्रॅमचा चेंडू फिरवल्यास तो २२ किलोच्या घरात जातो. जड चेंडूचा वेग थोडा उतरत असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून कमी असते, मात्र हाताच्या स्वतःच्या वजनाचा ताण या हिशेबात धरलेलाच नाही.

या सरावावरील बहुतेक संशोधन बेसबॉलचे आहे. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वर्षांच्या पिचरांनी ६ आठवडे २ ते ३२ औंसांचे चेंडू वापरले. त्यांचा वेग सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढला, पण २४ टक्के खेळाडूंना दुखापत झाली. नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे २० टक्केच जड किंवा हलके चेंडू वापरणाऱ्या जुन्या प्रयोगांतही वेग वाढल्याचे दिसले होते. त्या प्रमाणात सॉफ्टबॉलसाठी मर्यादा साधारण १५० ते २३० ग्रॅम येते आणि शालेय खेळाडूंच्या बाबतीत ती ओलांडण्याचे काहीही कारण नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात या सरावाचा विचार पावसाशी जोडूनच करावा लागतो. खानापूरकडे जून ते सप्टेंबर मैदान बहुतेक ओले असते आणि सराव शाळेच्या व्हरांड्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये हलवावा लागतो. जवळच्या जाळीवर मनगटाचे झटके देणे, एका गुडघ्यावर बसून अर्ध्या फेऱ्याने चेंडू सोडणे, असे कमी वेगाचे प्रकार तिथे सहज करता येतात. पूर्ण विंडमिल मात्र नेहमीच्या चेंडूनेच करावी. भिजलेला चामडी चेंडू नकळत जड होतो, तेव्हा किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचे वजन एकदा पाहून घेणे इष्ट. कापडात वाळू भरून केलेला चेंडू किंवा गोळाफेकीचा गोळा या कामी वापरू नये, कारण पहिल्याचे वजन एका बाजूला सरकते आणि दुसऱ्याचे वजन कितीतरी पटीने जास्त असते. जड चेंडू बॅटने मारायला किंवा कॅचरकडे जोरात टाकायला देऊ नये.

या भागात कुस्तीची परंपरा मोठी आहे आणि तालमीतील जोर, बैठका व हलका मुदगल यांचा पिचरला खरा उपयोग होतो, कारण फेकीचा बराचसा जोर पाय आणि कमरेतूनच येतो. मुदगल सावकाश फिरतो. चेंडूच्या फेकीतील वेग त्यात नसतो. त्यामुळे मुदगल पेलणाऱ्या मुलीला जड चेंडूही झेपेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

खांद्याजवळील हाडाचे वाढीचे टोक मुलींमध्ये साधारण चौदा ते सतरा वर्षांच्या दरम्यान सांधले जाते. तोपर्यंत जड चेंडू टाळून फेकीची ढब पक्की करून घेणे अधिक शहाणपणाचे. त्यानंतरही हा सराव आठवड्यातून दोनदा, मधे विश्रांतीचा दिवस ठेवून, पूर्ण वॉर्मअपनंतर घ्यावा आणि जड चेंडूची प्रत्येक फेक दिवसाच्या एकूण फेकींत मोजावी. क्रीडाशिक्षकांनी ही नोंद वहीत ठेवल्यास शाळा आणि क्लब अशा दोन्ही ठिकाणी खेळणाऱ्या मुलीवर पडणारा दुहेरी भार वेळीच लक्षात येतो. खांद्याच्या पुढे दुखणे, हाताला मुंग्या येणे किंवा चेंडू वारंवार उंच सुटणे यांपैकी काही दिसताच त्या दिवशीची फेक थांबवावी, आणि दुखणे विश्रांतीनंतरही टिकल्यास अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवूनच सराव पुन्हा सुरू करावा.