दवाखान्यातला हातमोजा गाडीपर्यंत कसा आला

१८८९-९० चा हिवाळा, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय. शस्त्रक्रियेच्या खोलीतली परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिचे हात मर्क्युरिक क्लोराइडच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघाले होते. शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. (पुढे दोघांचं लग्न झालं, त्यामुळे ही हकिकत जरा जास्तच सांगितली जाते.) हेतू रुग्णाला जंतूंपासून वाचवण्याचा नव्हता, हात रसायनापासून वाचवण्याचा होता. संसर्ग टळण्याचा फायदा काही वर्षांनी लक्षात आला आणि मग पातळ मोज्याची सगळी वाटचाल रक्त आणि जंतू यांच्याच दिशेने झाली. गाडीच्या डिटेलिंगच्या, म्हणजे बारकाईने धुण्या-पॉलिश करण्याच्या कामाच्या, ट्रॉलीवर असलेला शंभर मोज्यांचा निळा-काळा डबा त्याच वाटेने आलेला आहे. रसायनाचा मूळ प्रश्न त्याने अर्धाच सोडवलेला आहे.

हे मोजे धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरले जात. एकदा वापरून फेकायचा लॅटेक्स मोजा ऑस्ट्रेलियाच्या अन्सेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्याला आणला. एड्सच्या साथीनंतर १९८७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य समजूनच हाताळा अशा सूचना दिल्या आणि मोज्यांची मागणी एकदम वाढली. पाठोपाठ लॅटेक्समधल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी पुढे आली. मोजा चटकन चढावा म्हणून आत मक्याच्या स्टार्चची पावडर असे, ती प्रथिनं घेऊन हवेत उडे आणि श्वासातही जाई. लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, जागा नायट्राइल या कृत्रिम रबराने घेतली ती मुख्यतः या कारणाने. पावडरवाल्या वैद्यकीय मोज्यांवर अमेरिकेत जानेवारी २०१७ पासून बंदीच आहे. पावडर आपल्यालाही नकोच: पुसून तयार केलेल्या पॅनेलवर (गाडीच्या पत्र्यावर) ती पडली की कोटिंगखाली, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराखाली, कायमची अडकते.

नायट्राइल रबर मात्र त्याहून कितीतरी जुनं, १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेलं. तेलाने फुगत नाही हाच त्याचा गुण. नैसर्गिक रबराच्या साखळ्यांमध्ये पेट्रोल, ग्रीस, टार रिमूव्हर (डांबराचे डाग काढायचं द्रावण) सहज शिरतात आणि मोजा लिबलिबीत होतो. नायट्राइलमधल्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलमुळे रबर ध्रुवीय (रेणूच्या दोन टोकांना विरुद्ध विद्युतभार असलेलं) होतं आणि तेलाला थारा देत नाही. पण अ‍ॅसिटोनही ध्रुवीय, त्यामुळे ते त्याच दाराने आत येतं. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागल्यावर पातळ नायट्राइल मोजा बोटांवर सैल पडतो, सुरकुततो, तो याचमुळे. अ‍ॅसिटोनच्या कामाला ब्युटाइल रबराचा मोजा लागतो. तो महाग आणि जाड असतो, पण दुसरा सोपा पर्याय नाही.

फुगणं निदान दिसतं. झिरपणं दिसत नाही, आणि मोजा निवडताना सर्वांत जास्त फसगत इथेच होते. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या लॅटेक्स मोज्यावर डायमिथाइल मर्क्युरीचे एक-दोन थेंब पडले. मोज्याला भोक नव्हतं, चिरही नव्हती. पुढच्या जूनमध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचणीत ते रसायन तसल्या मोज्यातून काही सेकंदांतच पार जातं असं निघालं. आपल्या बाटल्यांत इतकं जहाल काही नसतं, पण रेणू रबरातून पलीकडे जाण्याची क्रिया हीच.

डब्यावरच्या खुणा या झिरपण्याच्याच. युरोपात ईएन ३७४ हे मानक १९९४ मध्ये आलं. २०१६ पासून ते आयएसओ ३७४ आहे. शंकूपात्राचं चित्र शोधा. १८ ठरलेल्या रसायनांपैकी निदान सहांना प्रत्येकी ३० मिनिटं अडवलं तर टाइप ए, तिघांना ३० मिनिटं अडवलं तर टाइप बी, एकालाच १० मिनिटं अडवलं तर टाइप सी. चित्राखाली अक्षरं असतात. पातळ नायट्राइलवर बरेचदा ‘के, पी, टी’ दिसतात: ४० टक्के कॉस्टिक सोडा, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ३७ टक्के फॉर्मल्डिहाइड. यात एकही पेट्रोलजन्य सॉल्व्हंट नाही! टार काढायचा असेल तर ‘जे’, म्हणजे हेप्टेन, हवं. टोल्युइनसाठी ‘एफ’ आणि अ‍ॅसिटोनसाठी ‘बी’. चाचणी मोजा न ताणता, साधारण २३ अंशांना होते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, बोटांवर ताणलेल्या मोज्याकडून तेवढ्या मिनिटांची अपेक्षा ठेवू नये.

जाडी ‘मिल’मध्ये लिहिलेली असते. एक मिल म्हणजे ०.०२५४ मिमी; ४ मिलचा मोजा ०.१ मिमी, ८ मिलचा ०.२ मिमी. पॉलिशिंग, इंटिरियर आणि कोटिंग लावायला ४ ते ६ मिल पुरतं. कोटिंग करताना मोजे मध्ये मध्ये बदलावेत, कारण बोटांवरचा थेंब वाळून कडक होतो आणि पुढच्या पॅनेलवर रेघ उमटवतो. पॉलिशिंग मशीन चालवताना सैल सुती मोजा नकोच, फिरत्या पॅडमध्ये त्याचा धागा अडकतो.

लोखंडाचे कण विरघळवून जांभळा होणारा क्लीनर थायोग्लायकोलेटचा असतो. केस कुरळे करायच्या लोशनमध्येही हेच रसायन, म्हणून वासही ओळखीचा. त्याला आणि कॉस्टिक डिग्रीजरला (ग्रीस काढायच्या क्षारीय द्रावणाला) ०.३ ते ०.४ मिमीचा, ३० सेंमी लांबीचा, धुऊन वापरायचा नायट्राइल मोजा घ्यावा. छत धुताना हात वर जातात आणि पाणी कोपराकडे ओघळतं. तेव्हा मनगटाची कड बाहेर दुमडून पन्हळ करावी.

‘व्हील अ‍ॅसिड’ म्हणून चाकं साफ करायला सुटं विकलं जाणारं द्रावण वेगळं. त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असू शकतं. सौम्य द्रावणाने लगेच दुखत नाही, वेदना काही तासांनी सुरू होते, आणि तोवर फ्लोराइड आत जाऊन कॅल्शियमला धरून बसलेलं असतं. इथे डब्यातला पातळ मोजा चालत नाही. सुरक्षा-पत्रक (बाटलीत काय आणि किती आहे हे सांगणारा कागद) मागून त्यातली टक्केवारी पाहावी आणि ‘एस’ अक्षराचा, म्हणजे ४० टक्के हायड्रोफ्लोरिक आम्लाला तपासलेला, जाड निओप्रीन किंवा ब्युटाइल मोजा घ्यावा. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब बाटली उघडण्याआधी हाताशी हवी. अंगावर उडालंच तर आधी भरपूर पाण्याने धुवावं, मग जेल चोळत राहावं आणि दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जावं. पत्रक न देणाऱ्या दुकानदाराची बाटली तिथेच ठेवून यावी.