पायऱ्यांवरचं ते हत्याकांड घडलंच नव्हतं

धरमपेठेत एका मित्राकडे परवा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ पाहिला, रशियन युद्धनौकेवरच्या खलाशांच्या बंडाचा जुना मूकपट. चहा यायच्या आत नेहमीचं वाक्य आलंच: “झारच्या सैनिकांनी ओडेसाच्या पायऱ्यांवर अस्संच मारलं होतं ना बाप्पा!”

नाही. रांगेनं उतरणारे सैनिक, घरंगळणारी बाबागाडी हे सगळं दिग्दर्शक आयझेनस्टाइननं १९२५ मध्ये रचलं. झारविरुद्धच्या १९०५च्या उठावाला वीस वर्षं झाली म्हणून सोव्हिएत सरकारनं करवून घेतलेला हा चित्रपट. जून १९०५ मध्ये काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरात रक्त सांडलं, शेकडो माणसं मेली, हे खरंच. पण ते मुख्यतः रात्री, बंदराच्या भागात, आगी आणि लुटालुटीच्या गोंधळात. दिवसाढवळ्या चाललेला तो शिस्तबद्ध संहार दिग्दर्शकाचा. पायऱ्या मात्र खऱ्या, आज १९२ आहेत. संकलन असं की त्या संपतच नाहीत (२६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला चढतानाही एवढा दम लागत नाही).

गंमत म्हणजे, ज्या शेवटाला ‘हा तर निव्वळ प्रचार’ म्हणून सगळे हसले, तो बराचसा खरा आहे. बंड मोडायला समोर आलेल्या झारच्या ताफ्यातल्या खलाशांनी पोटेमकिनवर तोफा डागल्या नाहीत. फक्त चित्रपट तिथंच थांबतो. पुढं ती नौका रुमानियाच्या कॉन्स्टान्त्सा बंदरात गेली आणि खलाशी तिथल्या सरकारला शरण गेले.