कुंपणाचे लाकडी खांब टिकवायचे देशी उपाय

आपल्याच जागेतलं झाड तोडून केलेले कुंपणाचे खांब वाळवी-बुरशीपासून वाचवायला, बाजारातलं केमिकल न वापरता जे करतात ते हे उपाय. ठाणे जिल्ह्यात मुरबाड, शहापूरकडे वाडीला, फार्महाऊसला लाकडी खांब दिसतात, शहरात मात्र सिमेंटचे पोल नाहीतर लोखंडी अँगल.

खांब कुजतो तो जमिनीलगत, वीतभर वर नि वीतभर खाली. खोल मातीत हवा कमी, वरचं लाकूड उन्हाने सुकतं, पण या पट्ट्यात ओल पण आणि हवा पण, म्हणजे बुरशीची चंगळच, त्यात आपल्याकडचा चार महिन्यांचा पाऊस. म्हणून सगळी मेहनत बुडख्यावर करायची, वरच्या टोकाला तिरका काप दिला की पाणी निथळतं.

खरं तर बुडख्याला कुठलं तेल पाजता यापेक्षा लाकूड कुठलं हेच जास्त महत्त्वाचं. साग, खैर यांचा गडद गाभा मुळातच टिकाऊ, पण बाहेरचं पांढरट लाकूड सागाचं असलं तरी वाळवी सोडत नाही, त्यामुळे मनगटाएवढी कोवळी दांडकी ‘साग आहे ना’ म्हणून रोवण्यात काही अर्थ नाही. (झाड स्वतःच्या जागेतलं असलं तरी साग, खैर तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते.)

दिवाळीनंतर तोडायचं, साल लगेच काढायची, सावलीत दगडांवर रचून सुकवायचं, ओल्या लाकडात तेल मुरत नाही. मग मे महिन्यात करंज किंवा कडुनिंबाचं तेल पत्र्याच्या डब्यात तापवून त्यात बुडखा उभा ठेवायचा आणि तेलातच गार होऊ द्यायचा. गरम असताना लाकडातली हवा फुगून बाहेर पडते, गार होताना तेल आत ओढलं जातं. नुसता ब्रश फिरवला तर तेल वरच्यावरच राहतं. काजूच्या टरफलाचं तेल जास्त चिवट, पण कातडीला लागलं की फोड येतात, हातमोजे हवेतच.

बुडखा जाळून काळा करायची पद्धत जुनी आहे. कोळशाला वाळवी लागत नाही हे खरं, पण थर पातळ, त्याला भेगा पडतात, एकट्या जाळण्यावर भरवसा नको. बोरॅक्स (टाकणखार) किडीवर चालतं पण पाण्यात विरघळतं, पावसात उघड्यावर काय उरणार? जुनं इंजिन ऑइल तर देशी नाहीच, मातीत नि विहिरीत उतरतं.

खड्ड्यात तळाला खडी टाकावी, भोवती सिमेंट ओतलं तर पाणी आत अडकून बसतं. एवढा खटाटोप नको असेल तर पावसाच्या तोंडावर पांगारा किंवा गिरिपुष्पाच्या जाड फांद्या रोवाव्यात, त्या फुटतात आणि खांब जिवंतच राहतो, फक्त दरवर्षी छाटणी करावी लागते.