१२३४५६७८९८७६५४३२१

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी विषम संख्या म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ चा वर्ग. गणिती द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या डेम्लो संख्यांपैकी ही एक. उलटी वाचली तरी तीच राहते. भास्कराचार्यांच्या स्थाननामांत तिचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी, म्हणजे परार्धाच्या एक घर अलीकडे पडतो.

कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. जुन्या जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर या संख्यांचा विचार सुचला, म्हणून नावही स्थानकाचेच. डेम्लो संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग असतात. डाव्या-उजव्या भागांची लांबी सारखी. त्यांच्या बेरजेत एकच अंक पुन्हा पुन्हा येतो आणि मध्येही तोच बसलेला असतो. इथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये ९. डेम्लो संख्या वर्ग असलीच पाहिजे असे मात्र नाही: २३५३२ पाहा (२३ + ३२ = ५५, मध्ये ५).

अंकांच्या या चढउतारात गूढ काही नाही. १११११११११ चा स्वतःशीच उभा गुणाकार मांडला, की एकेक घर सरकलेल्या नऊ ओळी होतात. स्तंभांच्या बेरजा १ पासून ९ पर्यंत चढतात, मग उतरतात; हातचा कुठेच येत नाही. दहा वेळा १ घेतला की मधल्या स्तंभात १० होतात, हातचा सरकतो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल तिथेच मोडतो.

खरी गंमत अवयवांत आहे. मूळ अवयवांत ही संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७² अशी लिहिता येते; म्हणून तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५. यांतली ३३३६६७ एरवी कोणाच्या लक्षात येण्यासारखी नाही, पण जिच्या व्यस्ताचे दशांश आवर्तन नेमके नऊ अंकांचे आहे अशी ही एकमेव मूळसंख्या: १/३३३६६७ = ०.०००००२९९७ ०००००२९९७… आवर्तन ‘०००००२९९७’ एवढेच आहे. कारण ९९९९९९९९९ = ३३३६६७ × २९९७.

अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने संख्येला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ हा पुन्हा वर्गच, १२३४५६७९ चा. आठाला वगळणारी ही १२३४५६७९ म्हणजे १/८१ च्या आवर्ती दशांशातले अंक, पुढचे शून्य सोडून.

एक्सेलच्या चौकटीत ही संख्या अंक म्हणून टंकली, तर शेवटच्या २१ च्या जागी ०० येतात, कारण तिथे पंधराच सार्थ अंक टिकतात.